डाळिंबाच्या सालीचा रंग

प्रस्तावना

पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली, तर घरातील जाणती माणसे फारशी काळजी करीत नाहीत. सदरा साबणाने धुतला की हळदीचा डाग क्षणभर लालसर दिसतो; मग तो उन्हात वाळत घातला की दोन-तीन दिवसांत फिका होत होत दिसेनासा होतो. त्याच सदऱ्यावर डाळिंब सोलताना सालीचा रस उडाला, तर मात्र तीच माणसे हळहळतात. ‘हा डाग आता जायचा नाही,’ असे ती सांगून टाकतात, आणि त्यांचे म्हणणे बहुधा खरे ठरते.

दोन्ही डाग वनस्पतींचेच. मग एक जातो आणि दुसरा राहतो, असे का? जो डाग जात नाही, तोच सबंध वस्त्रावर सारखा पसरवता आला तर त्याला आपण काय म्हणू? त्याला आपण रंग म्हणू. आपल्या देशातील रंगाऱ्यांनी फार पूर्वी हा विचार केला आणि फेकून द्यायच्या सालीतून वस्त्र रंगवण्याची विद्या उभी केली. प्रस्तुत पाठात त्या विद्येची ओळख आपण करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला
• कच्चा रंग आणि पक्का रंग यांतील फरक सांगता येईल;
• सुती कापड रंगवताना रंगबंधकाची गरज का असते, हे स्पष्ट करता येईल;
• डाळिंबाच्या सालीने सुती कापड रंगवण्याची कृती क्रमाने लिहिता येईल;
• रंगाचा पक्केपणा घरच्या घरी तपासता येईल;
• नैसर्गिक रंगांचे गुण आणि मर्यादा यांविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

१. कच्चा रंग आणि पक्का रंग

फळे, फुले, पाने आणि मुळे यांतून रंग काढणे अवघड नाही. कोकमाची साल पाण्यात भिजवली की पाणी लालभडक होते. जांभळे कुस्करली की हात जांभळे होतात. पळसाची फुले उकळली की केशरी-पिवळे पाणी मिळते. अशा पाण्यात पांढरे कापड बुडवले तर ते रंगते, यात नवल नाही. खरा प्रश्न पुढचा आहे: तो रंग कापडावर टिकतो का?

कोकमाचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. कोकणातून आलेल्या ओल्या कोकमांच्या रसात एक पांढरा रुमाल मी रात्रभर बुडवून ठेवला होता. सकाळी त्याचा गुलाबी-तांबडा रंग पाहून फार आनंद झाला. परंतु पहिल्यांदा साबण लावताच तो रंग निळसर करडा झाला आणि तिसऱ्या धुण्यानंतर रुमाल मळकट पांढरा दिसू लागला. नव्याचे नऊ दिवससुद्धा त्या रंगाने पाहिले नाहीत. कोकमातील रंगद्रव्य अँथोसायनिन या वर्गातील आहे. ते आम्लात लाल दिसते, तर साबण किंवा सोडा यांसारख्या अल्कधर्मी पदार्थांशी गाठ पडताच आपले रूप बदलते. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य सुताला सहज चिकटते, पण सूर्यप्रकाशात ते तग धरू शकत नाही.

वस्त्राच्या रंगाला मुख्यतः दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक साबणपाण्याची आणि दुसरी उन्हाची. या दोन्हींत जो लवकर हरतो तो कच्चा रंग आणि जो दीर्घकाळ टिकून राहतो तो पक्का रंग. कोकम साबणापुढे हरते, हळद उन्हापुढे हरते. डाळिंबाची साल योग्य रीतीने वापरली तर या दोन्ही परीक्षांत ती पुष्कळच बरी उतरते. म्हणूनच भारतातील रंगाऱ्यांनी पिवळ्या रंगासाठी तिचा आधार घेतला.

२. सूत आणि रंग यांच्यातील मध्यस्थ

लोकर आणि रेशीम हे प्राण्यांपासून मिळणारे, प्रथिनांनी बनलेले तंतू आहेत. बहुतेक वनस्पतिजन्य रंगांशी आणि धातूंच्या क्षारांशी त्यांचे चटकन जुळते. कापसाचा तंतू मात्र सेल्युलोजचा बनलेला असतो. तो पाणी भरपूर शोषून घेतो; परंतु पाण्याबरोबर आत आलेला रंग तो धरून ठेवीलच, असे नाही. पुढच्या धुण्यात तो रंग पाण्याबरोबर निघून जातो.

अपरिचित अशा दोन कुटुंबांत सोयरीक जुळवायची तर दोन्हीकडच्या ओळखीचा मध्यस्थ लागतो. सुती वस्त्र रंगवतानाही असा मध्यस्थ आवश्यक असतो. त्याला रंगबंधक म्हणतात. आपल्याकडे सर्वांत प्रचलित रंगबंधक म्हणजे तुरटी. तुरटीमध्ये ॲल्युमिनियम हा धातू क्षाराच्या रूपात असतो. तो रंगद्रव्याला घट्ट धरतो आणि त्याच्यासह पाण्यात सहज न विरघळणारे असे संयुग तयार करतो. हे संयुग तंतूच्या आत तयार झाले, की ते तेथेच अडकून राहते.

तथापि तुरटीचीही सुताशी ओळख बेताचीच असते. ती ओळख करून देण्याचे काम टॅनिन हा तुरट पदार्थ करतो. हिरडा तोंडात धरला की जीभ आखडल्यासारखी होते, ती टॅनिनमुळे. टॅनिन सुताला चिकटते, टॅनिनला तुरटी धरते आणि तुरटी रंगाला धरते. म्हणून आपल्याकडचे रंगारी सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात. डाळिंबाच्या सालीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात पिवळा रंग आणि टॅनिन या दोन्ही गोष्टी मुळातच असतात. सालीचा डाग निघत नाही, याचे मर्म येथे आहे.

ही विद्या किती जुनी आहे? मोहेंजोदडो येथील उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेले सुती कापडाचे तुकडे सापडले. ते मंजिष्ठाच्या वर्गातील वनस्पतीने रंगवलेले असल्याचे तपासणीत आढळले. मंजिष्ठाचा लाल रंग रंगबंधकाशिवाय सुतावर नीट बसत नाही. याचा अर्थ असा, की चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिंधूच्या काठी राहणाऱ्या रंगाऱ्यांना सुताला रंग बांधण्याची युक्ती अवगत होती.

पाठगत प्रश्न – १

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. कापसाचा तंतू कशाचा बनलेला असतो?
(क) प्रथिनांचा (ख) सेल्युलोजचा (ग) टॅनिनचा
२. हळदीचा डाग कशामुळे फिका होतो?
(क) उन्हामुळे (ख) तुरटीमुळे (ग) हिरड्यामुळे
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. कोकमाने रंगवलेल्या रुमालाला साबण लावल्यावर काय झाले?
२. डाळिंबाच्या सालीचे वैशिष्ट्य कोणते?

३. साल कोठून येते?

डाळिंबाच्या उत्पादनात महाराष्ट्र हे भारतातील अग्रगण्य राज्य आहे. सोलापूर आणि नाशिक या जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या भागांत डाळिंबाच्या बागा मोठ्या प्रमाणावर दिसतात. ‘सोलापूर डाळिंब’ या फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. फळाचे दाणे खाल्ले जातात, त्यांचा रस काढला जातो, अनारदाणा तयार होतो. पण साल उकिरड्यावर जाते. फळाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग साल आणि आतले पडदे यांचाच असतो. रसवंतीवाल्याकडे किंवा फळविक्रेत्याकडे चौकशी केली तर ही साल विनामूल्य मिळू शकते. आपल्या पूर्वजांनी कोंड्याचा मांडा करावा, असे सांगितले. सालीचा रंग हा त्यातलाच प्रकार आहे.

साल जमवताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सडलेली, बुरशी आलेली साल घेऊ नये. निवडलेल्या सालीचे लहान तुकडे करून ते पूर्ण कोरडे होईपर्यंत वाळवावेत. वाळलेली साल कोरड्या डब्यात अनेक महिने टिकते.

४. रंगवण्याची कृती

पुढील कृती २५० ग्रॅम वजनाच्या पांढऱ्या सुती कापडासाठी आहे. साधारणतः दोन मीटर पातळ कापड एवढ्या वजनाचे भरते. रंगकामात सर्व मापे कोरड्या कापडाच्या वजनावर ठरतात, म्हणून आधी कापड तोलून घ्यावे.

पहिली पायरी: कापड निर्मळ करणे. नव्या कापडाला खळ असते आणि कापसाच्या तंतूवर मेणासारखा नैसर्गिक थर असतो. हे दोन्ही निघाल्याशिवाय रंग आत शिरत नाही. कापड रात्रभर पाण्यात भिजवावे. दुसऱ्या दिवशी सुमारे ५ लिटर पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून ते तासभर उकळावे. पाणी पिवळट-तपकिरी होते, ती आतला मळ निघाल्याची खूण समजावी. मग स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढावे. घाईमुळे बहुतेक जण हीच पायरी गाळतात आणि पुढे रंगाचा बेरंग होतो.

दुसरी पायरी: हिरडा. ५० ग्रॅम हिरड्याची पूड ४ ते ५ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यावी. त्या पाण्यात ओले कापड तीन-चार तास बुडवून ठेवावे आणि अधूनमधून हलवावे. नंतर न धुता, हलके पिळून ते उन्हात पसरून वाळवावे. कापडावर फिकट पिवळसर छटा येते. हिरडा न मिळाल्यास ही पायरी वगळता येते, कारण सालीतही टॅनिन असतेच; मात्र रंग काहीसा फिका येतो.

तिसरी पायरी: तुरटी. ४० ग्रॅम तुरटी कुटून थोड्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि मग ५ लिटर कोमट पाण्यात मिसळावी. कापड त्यात रात्रभर ठेवावे, पिळून वाळवावे आणि रंगवण्यापूर्वी एकदाच साध्या पाण्यातून काढावे. त्यामुळे सुताला न चिकटलेली तुरटी निघून जाते. ती राहिली तर रंगाच्या पाण्यात उतरते आणि रंग कापडाऐवजी पाण्यातच बांधला जातो.

चौथी पायरी: रंग काढणे. कापडाच्या वजनाइतकी, म्हणजे २५० ग्रॅम वाळलेली साल रात्रभर ५ लिटर पाण्यात भिजवावी. दुसऱ्या दिवशी ती त्याच पाण्यात मंद आचेवर तासभर उकळावी आणि काढा दुपदरी फडक्यातून गाळावा. सालीचा चोथा कापडाला चिकटला तर तेथे गडद ठिपके पडतात.

पाचवी पायरी: रंग देणे. काढा कोमट असताना त्यात ओले कापड सोडावे. मग आच हळूहळू वाढवून, पाण्याला उकळी फुटू न देता, पाऊण ते एक तास कापड लाकडी काठीने सतत वरखाली करावे. भांडे एवढे मोठे असावे की कापड त्यात मोकळेपणाने फिरले पाहिजे. आच बंद केल्यावर कापड काढ्यातच थंड होऊ द्यावे. शेवटी स्वच्छ पाण्यात धुऊन ते सावलीत वाळवावे. कापडावर मऊ, किंचित तपकिरी झाक असलेला पिवळा रंग उमटलेला दिसेल.

या कामासाठी स्टीलचे भांडे वापरावे. लोखंडी भांडे वापरल्यास रंग काळवंडतो. रंगकामाची भांडी स्वयंपाकासाठी पुन्हा वापरू नयेत.

५. एक साल, दोन रंग

आता एक गंमत पाहा. ५ लिटर पाण्यात ३ ते ५ ग्रॅम हिराकस विरघळवा आणि रंगवलेल्या पिवळ्या कापडाचा एक तुकडा त्यात काही मिनिटे बुडवा. पाहता पाहता पिवळा रंग शेवाळी होतो आणि पुढे गडद करडा होत जातो. हिराकस हा लोहाचा क्षार आहे. लोह आणि टॅनिन एकत्र आले की काळपट संयुग तयार होते. जुन्या काळी लिहिण्याची काळी शाईही याच तत्त्वावर तयार करीत असत.

रंग तोच, परंतु मध्यस्थ बदलताच त्याचे रूप बदलले. तुरटीने तो उजळला, लोहाने तो गंभीर झाला. मात्र हिराकसाचे प्रमाण वाढवू नये. जास्त लोहामुळे सूत कालांतराने कमकुवत होते आणि कापड विरते. हिराकस पोटात गेल्यास विषारी ठरते, म्हणून ते मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

६. कच्छच्या रंगाऱ्यांनी ओळखलेले पाणी

या विद्येचे जिवंत रूप पाहायचे तर गुजरातमधील कच्छमध्ये जावे लागेल. तेथील खत्री समाजाचे कारागीर ‘अजरख’ नावाचे ठशांच्या छपाईचे वस्त्र तयार करतात. निळा, लाल, काळा आणि पांढरा हे अजरखचे प्रमुख रंग. निळ्यासाठी नीळ, लालसाठी तुरटी आणि मंजिष्ठाच्या जातीचे रंग, तर काळ्यासाठी लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात अनेक दिवस आंबवून केलेले द्रावण वापरतात. पिवळा रंग हवा असेल तेव्हा डाळिंबाच्या सालीच्या काढ्यात हळद मिसळतात. निळीवर हाच पिवळा चढवला की हिरवा रंग मिळतो. सुरुवातीला कापड हिरड्यातून काढण्याची रीत तेथेही आहे.

कच्छमधील धमडका हे गाव या कलेचे मोठे केंद्र होते. २६ जानेवारी २००१ रोजी झालेल्या भूकंपाने हे गाव उद्ध्वस्त केले. घरे पुन्हा बांधता आली असती; पण भूकंपानंतर तेथील पाण्यातील लोहाचे प्रमाण वाढले. लोहाने डाळिंबाचा पिवळा रंग शेवाळी होतो, हे आपण नुकतेच पाहिले. जेथे पाण्यातच लोह आहे, तेथे रंगाऱ्याच्या हाती उजळ रंग यायचा कसा? अखेर अनेक कुटुंबांनी भूजजवळ योग्य पाण्याची जागा शोधली आणि ‘अजरखपूर’ हे नवे गाव वसवले. या परंपरेतील ज्येष्ठ कारागीर इस्माईल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडमधील डी माँटफर्ट विद्यापीठाने २००३ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट पदवी दिली. २०२४ मध्ये कच्छच्या अजरखला भौगोलिक मानांकन मिळाले.

पाणी बदलले म्हणून गाव बदलणाऱ्या या माणसांनी रसायनशास्त्राची पुस्तके वाचून हा निर्णय घेतला नव्हता. आपल्या हातांनी आणि डोळ्यांनी मिळवलेले ज्ञान त्यांनी प्रमाण मानले. शाळेबाहेर मिळवलेले ज्ञानही शास्त्रशुद्ध असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तुमच्या गावचे पाणी कसे आहे? विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी भांड्यावर तांबूस थर धरत असेल, तर त्यात लोह आहे असे समजावे आणि पिवळ्या रंगासाठी स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी वापरून पाहावे.

७. रंगाची परीक्षा

रंगवलेले कापड विकायचे असो वा घरी वापरायचे असो, त्याची परीक्षा आधी घ्यावी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

• उन्हाची परीक्षा: कापडाची एक पट्टी घ्यावी. तिचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून ती सात दिवस उन्हात ठेवावी. नंतर पुठ्ठा काढून दोन्ही भागांची तुलना करावी.
• धुण्याची परीक्षा: रंगीत पट्टीला पांढऱ्या कापडाचा तुकडा शिवून दोन्ही साबणपाण्यात धुवावेत. रंगीत तुकडा किती फिका झाला आणि पांढरा तुकडा किती रंगला, ते पाहावे.
• घासण्याची परीक्षा: ओल्या पांढऱ्या फडक्याने रंगीत कापड दहा-बारा वेळा घासावे. फडक्यावर रंग उतरला, तर धुणे अपुरे झाले आहे किंवा रंग नीट बांधला गेलेला नाही.

या तिन्ही पट्ट्या तारीख, मापे आणि पाण्याचा प्रकार लिहून एका वहीत चिकटवाव्यात. पाच-सहा वेळा रंगकाम केल्यावर ही वही तुमचे स्वतःचे पाठ्यपुस्तक होईल.

८. ‘नैसर्गिक’ या शब्दाची जबाबदारी

१८५६ मध्ये विल्यम पर्किन या अवघ्या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याला प्रयोग करताना योगायोगाने जांभळा कृत्रिम रंग सापडला. १८६८ मध्ये मंजिष्ठासारख्या वनस्पतींत आढळणारे ॲलिझरिन हे रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. कृत्रिम रंग स्वस्त होते, झटपट बसत होते आणि प्रत्येक वेळी सारखीच छटा देत होते. काही दशकांतच वनस्पतींचे रंग मागे पडले. पुढे यांतील काही रंग आरोग्यास घातक असल्याचे लक्षात आले. भारत सरकारने १९९७ मध्ये अनेक ॲझो रंगांच्या हाताळणीवर बंदी घातली. तेव्हापासून नैसर्गिक रंगांकडे पुन्हा लक्ष वळले.

परंतु ‘नैसर्गिक’ म्हणजे आपोआप निर्दोष, असे मानणे चुकीचे आहे. नीळ हा नैसर्गिकच रंग; पण तिच्या सक्तीच्या लागवडीने बंगालमधील आणि बिहारमधील शेतकरी नाडला गेला. १९१७ मध्ये महात्मा गांधी चंपारणला गेले ते याच अन्यायाच्या चौकशीसाठी. रंगबंधकांचेही तसेच आहे. तुरटी आणि थोडे हिराकस यांवर बहुतेक काम भागते. मोरचूद किंवा क्रोमियमचे क्षार वापरून रंग अधिक खुलतो, परंतु ते पाण्याला आणि माणसाला अपायकारक आहेत; घरगुती रंगकामात ते वापरू नयेत. तुरटीचे उरलेले पाणी त्यात थोडी नवी तुरटी घालून पुन्हा वापरावे. तुरटीचे आणि हिराकसाचे पाणी विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नये. सालीचा चोथा मात्र खताच्या खड्ड्यात टाकता येतो.

नैसर्गिक रंगांना मर्यादाही आहेत. पाव किलो कापडासाठी पाव किलो वाळलेली साल लागते आणि चार-पाच दिवस मोडतात. फळाची जात, ऋतू आणि पाणी बदलले की छटा बदलते. एकाच दिवशी रंगवलेल्या दोन ओढण्याही तंतोतंत सारख्या येतीलच, अशी खात्री देता येत नाही. सगळ्या जगाचे कपडे सालींनी रंगवता येणार नाहीत, हे मान्य केले पाहिजे.

मग या विद्येचे मोल कशात आहे? एखादी गृहिणी, एखादा बचतगट किंवा एखादा तरुण कारागीर यांना थोड्या भांडवलात सुरू करता येईल, असे हे काम आहे. मात्र त्याची खरी पुंजी आहे ती ग्राहकाचा विश्वास. एका प्रदर्शनात ‘शुद्ध नैसर्गिक रंग’ म्हणून घेतलेली ओढणी पहिल्याच धुण्यात इतर कपडे रंगवून गेली, हा अनुभव माझ्या पदरी आहे. त्यानंतर कित्येक वर्षे मी तसले कापड विकत घेतले नाही. विकणाऱ्याने पहिली पायरी गाळली असेल, तुरटी कमी घातली असेल किंवा परीक्षाच घेतली नसेल. त्याची शिक्षा मात्र प्रामाणिकपणे काम करणाऱ्या दुसऱ्या रंगाऱ्याला झाली, कारण त्याच्या मालाकडेही मी संशयाने पाहू लागले.

म्हणून कापड विकताना त्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी: ‘डाळिंबाची साल, हिरडा आणि तुरटी यांनी रंगवलेले. पहिल्या दोन धुण्यांत थोडा रंग निघेल. वेगळे धुवावे, सावलीत वाळवावे.’ रंग जेवढा टिकतो तेवढाच टिकेल असे सांगणारा विक्रेता ग्राहकाला पुन्हा भेटावासा वाटतो.

पाठगत प्रश्न – २

रिकाम्या जागा भरा.
१. पिवळ्या कापडावर ________ची प्रक्रिया केली की ते शेवाळी दिसते.
२. रंगकामात सर्व मापे कोरड्या कापडाच्या ________वर ठरतात.
३. भूकंपानंतर कच्छच्या कारागिरांनी ________ हे गाव वसवले.
४. कृत्रिम नीळ ________ मध्ये बाजारात आली.

तुम्ही काय शिकलात?

• रंग काढणे सोपे असते. तो सुतावर टिकवणे हे खरे कौशल्य आहे.
• टॅनिन, तुरटी आणि रंगद्रव्य यांची साखळी सुतावर रंग बांधते.
• रंगबंधक आणि पाणी बदलले की त्याच सालीचा रंग बदलतो.
• नैसर्गिक रंगांची परीक्षा घेणे आणि त्यांच्या मर्यादा प्रामाणिकपणे सांगणे ही कारागिराची जबाबदारी आहे.

शब्दार्थ

रंगबंधक – तंतूवर रंग धरून ठेवणारा पदार्थ
खळ – कापड कडक करण्यासाठी लावलेली पेज
चोथा – रस काढून घेतल्यावर उरलेला भाग
हिराकस – लोहाचा हिरवट क्षार
मोरचूद – तांब्याचा निळा क्षार
छटा – रंगाची झाक
अवगत असणे – माहीत असणे
कोंड्याचा मांडा करणे – टाकाऊतून उत्तम वस्तू निर्माण करणे
रंगाचा बेरंग होणे – चांगल्या गोष्टीचा विचका होणे

पाठान्त प्रश्न

१. सुती कापड रंगवणे लोकर रंगवण्यापेक्षा अवघड का असते? चार-पाच वाक्यांत लिहा.
२. रंग देण्यापूर्वी कापड निर्मळ करणे का आवश्यक आहे?
३. धमडका येथील कारागिरांना गाव का बदलावे लागले? त्यामागील शास्त्रीय कारण पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. ‘नैसर्गिक म्हणजे आपोआप निर्दोष नव्हे.’ या विधानाविषयी तुमचे मत उदाहरणांसह लिहा.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: रंगात येणे, रंग चढणे, रंगाचा बेरंग होणे.

उपक्रम

तुम्ही ज्या राज्यात राहता तेथे वनस्पतींपासून रंग तयार करणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीची किंवा कारागिराची भेट घ्या. ते कोणती वनस्पती आणि कोणते रंगबंधक वापरतात, त्यांना त्यांच्या भाषेत काय म्हणतात, हे विचारून दहा-बारा ओळींत मराठीत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न – १: (अ) १. (ख) सेल्युलोजचा २. (क) उन्हामुळे (आ) १. त्याचा रंग निळसर करडा झाला. २. तिच्यात पिवळा रंग आणि टॅनिन या दोन्ही गोष्टी मुळातच असतात.
पाठगत प्रश्न – २: १. हिराकसा २. वजना ३. अजरखपूर ४. १८९७